स्विच पुन्हा पुन्हा का जळतो? पिकअपच्या स्टीअरिंगखालची वीज

(छत्रपती संभाजीनगर येथे वाहनचालक, गॅरेजवाले आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो, माझ्या हातात आहे तो पिकअपचा कॉम्बिनेशन स्विच. स्टीअरिंगच्या खाली दोन बाजूंना दोन दांड्या असतात ना, एकीने लाइट, अप्पर-डिप्पर आणि इंडिकेटर, दुसरीने वायपर, त्या दोन्ही दांड्या ज्याला जोडलेल्या असतात तो हा. आपल्याकडे कोणी याला कॉम्बी स्विच म्हणतं, कोणी इंडिकेटर स्विच, कोणी नुसतंच ‘स्टीअरिंगचा स्विच’. याच्या एका कोपऱ्यात प्लास्टिक वितळून खड्डा पडलाय. वास अजून येतो.

हा ज्यांच्या गाडीतला आहे ते कन्नड तालुक्यातले शेतकरी. स्वतःची अद्रक, गावातल्या तिघा-चौघांची अद्रक, सगळी भरून रात्री निघायचं हा त्यांचा नेम. एका रात्री औट्रम घाट चाळीसगावच्या बाजूला उतरताना दोन्ही हेडलाइट एकदम गेले. मागे माल, शेजारच्या सीटवर बारावीतला मुलगा, आणि समोर काळोख. ते मला म्हणाले, “सर, किती वेळ गेला माहीत नाही. हात आपोआप हॅझर्डच्या बटणावर गेला. त्या पिवळ्या उघडझापीत डोंगराची बाजू दिसली, तेवढ्यावर गाडी कडेला घेतली.”

नशीब असं, की त्या गाडीत हॅझर्डचं सर्किट वेगळं होतं. ते या जळालेल्या जागेतून जात नव्हतं.

पण मला खटकली ती पुढची गोष्ट. हा त्यांचा वर्षभरातला तिसरा स्विच होता. पहिला गेला तेव्हा नवा बसवला, चार-पाच महिने चालला. दुसरा गेला तेव्हा म्हटलं माल हलका होता, म्हणून महागातला घेतला. तोही गेला. प्रत्येक वेळी बदलणाऱ्याने काम नीटच केलं होतं हो. स्क्रू व्यवस्थित, कपलर घट्ट. फक्त जुना का जळला, हे कोणी विचारलं नाही. स्विच बदलायचा कसा हे मी सांगणारच आहे, पण ते दुसऱ्या नंबरला. आधी तो जळतो का ते बघू.

जुन्या बांधणीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट या स्विचमधून जातो. बॅटरीतून निघाला, फ्यूजमधून आला, या दांडीच्या पोटातल्या तांब्याच्या दोन पट्ट्यांवरून गेला आणि मग बल्बपर्यंत पोचला. आता हिशोब करा. नेहमीचा एच-फोर बल्ब असतो ६०/५५ वॅटचा. अप्परला ६०, डिप्परला ५५. अप्पर लावला की दोन बल्बचे मिळून १२० वॅट, भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. इंजिन चालू असताना व्होल्टेज बारापेक्षा जास्त असतं, तो बारकावा सध्या सोडून देऊ. आता त्याच जागी बाजारात मिळणारा १००/९० चा बल्ब टाका. दोनशे भागिले बारा, साडेसोळाच्या वर.

तुम्ही म्हणाल, दहाचे साडेसोळा झाले, दीडपटीपेक्षा थोडं जास्त, त्यात काय एवढं? इथेच गडबड आहे. उष्णता करंटच्या प्रमाणात वाढत नाही, करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आयटीआयच्या मुलांनी हे पाठ केलंय, पण गॅरेजमध्ये आठवत नाही. साडेसोळाचा वर्ग आणि दहाचा वर्ग लावून बघा, पावणेतीनपट होते.

त्यात आपल्याकडची धूळ. या पट्ट्या एकमेकींना टेकतात ती जागा असते ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथे धूळ बसली, पट्टी काळी पडली, स्प्रिंग ढिली झाली, की त्या टेकण्याच्या जागेचा रोध वाढतो. समजा तो एक ओहमच्या विसाव्या भागाएवढा झाला, म्हणजे ०.०५ ओहम. साधा मीटर लावलात तर तो जवळपास शून्यच दाखवेल. पण दहा अँपिअरला त्या दाण्याएवढ्या जागेत ५ वॅट उष्णता तयार होते, आणि साडेसोळाला जवळपास १४ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता तुम्ही प्लास्टिकच्या डबीत कोंडून घाट उतरताय. प्लास्टिक मऊ पडतं, पट्टी सरकते, दाब आणखी कमी होतो, रोध आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपणहून थांबत नाही.

“पण सर, फ्यूज का नाही गेला?” हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. फ्यूज उडतो करंट वाढला तर. इथे स्विचमधला रोध वाढलाय, आणि रोध वाढला की करंट उलट किंचित कमीच होतो. फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. फ्यूज वायर वाचवायला असतो, शॉर्ट झालं तर. एखादा सांधा आतल्या आत भाजत असेल तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे कोणी “फ्यूज मोठा टाकला, आता काळजी नाही” म्हणालं, तर त्याने उरलंसुरलं संरक्षणही काढून टाकलं एवढंच समजा.

आता तो शेतकरी १०० वॅटच्या बल्बकडे गेलाच का? हौस म्हणून नाही. लाइट अंधुक पडायचा. रस्ता दिसेना, म्हणून मोठा बल्ब. साधं आहे. पण अंधुक का पडत होता? बल्ब छोटा होता म्हणून नव्हे. बल्बपर्यंत व्होल्टेजच पोचत नव्हतं. स्विचमध्ये थोडं अडायचं, जुन्या बारीक वायरीत थोडं, गंजलेल्या अर्थिंगला थोडं. अशा तारेच्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्के घटलं, की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मग मोठा बल्ब टाकला, करंट वाढला, त्यामुळे वाटेतली गळती आणखी वाढली. म्हणजे पैसे घातले बल्बला, आणि त्यातली बरीचशी वीज गेली स्विच शेकायला.

म्हणून गाडी आली की आधी पाना उचलायचा नाही, आधी मीटर उचलायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. हेडलाइट चालू ठेवा, कारण करंट वाहत असतानाच दोष दिसतो. लाल पिन स्विचकडे येणाऱ्या वायरला, काळी पिन स्विचमधून निघणाऱ्या वायरला. चांगल्या स्विचमध्ये फरक एक-दोन दशांश व्होल्ट दिसेल. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, की आत भट्टी लागलीय समजा. मग हीच पद्धत अर्थिंगला लावा, बल्बच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. मी खात्रीने सांगतो, स्विचवर आरोप ठेवून आलेल्या काही गाड्यांत खरा गुन्हेगार बॉडीला लागलेला गंजलेला अर्थिंगचा बोल्ट निघतो. तो घासून घट्ट केला की काम झालं, तेही फुकटात.

ही पाच मिनिटांची तपासणी सोडून थेट स्विच बदलणं मला पटत नाही. दुकानदाराला ते चालतं.

बरं, तपासलं, स्विचच गेलाय हे नक्की झालं. आता बदलू या. पुढची चाकं सरळ करा, म्हणजे स्टीअरिंग मधोमध. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि ती बॅटरीला परत टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा. ज्यांच्या पिकअपमध्ये एअरबॅग आहे त्यांनी इथे थांबायचं. स्टीअरिंगच्या मधल्या पॅडमध्ये एअरबॅग असते, आणि बॅटरी काढल्यावरही तिच्या यंत्रणेत काही वेळ चार्ज शिल्लक राहतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती मिनिटं थांबायचं ते दिलेलं असतं, तेवढं थांबायचंच. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही. काढलेली एअरबॅग ठेवताना तिचं तोंड वर, पाठ खाली. उलटी ठेवली आणि उडाली तर ती छताला जाईल. हे काम पूर्वी केलेलं नसेल, तर एअरबॅगवाली गाडी शिकलेल्या माणसाकडे द्या. यात कमीपणा नाही.

साध्या गाडीत हॉर्नचं पॅड काढलं की मधला मोठा नट दिसतो. शाफ्टवर आणि स्टीअरिंगवर मिळून एक खूण करा, मार्करने किंवा पंचाने. खूण केली नाही तर बसवताना स्टीअरिंग एक दाता इकडे-तिकडे बसतं, आणि मग गाडी सरळ चालताना स्टीअरिंग तिरकं. मालक महिनाभर अलाइनमेंटवाल्याला शिव्या देतो.

नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. स्टीअरिंग घट्ट बसलेलं असतं, आपण ओढतो, ते एकदम सुटतं आणि थेट नाकावर येतं. माझ्या नाकाचा आकार जरा वेगळा दिसतोय तो याच कारणाने. (हशा) ते सुटत नसेल तर पुलर वापरा. हातोडीने शाफ्टवर ठोकायचं नाही. आत बेअरिंग आहे, आणि बऱ्याच गाड्यांत हा कॉलम अपघातात चेपला जावा अशाच रचनेचा असतो, म्हणजे तो चालकाच्या छातीत घुसत नाही. तुम्ही वरून ठोकलंत तर ती रचना आजच बिघडते, आणि कळतं मात्र अपघात झाल्यावर.

मग कॉलमचं प्लास्टिकचं कव्हर, खालून स्क्रू असतात. कव्हर काढलं की मोबाइलने फोटो घ्या. वायरी कुठून गेल्यात, कोणती क्लिप कुठे आहे, सगळं. हा आमच्या वेळी नसलेला सगळ्यात उपयोगी पाना. कपलर काढताना वायरी धरून ओढायचं नाही, कपलरचं कुलूप दाबून काढायचा. आणि कपलरच्या आत बघा. पिना पिवळ्या-तपकिरी पडल्यात का, प्लास्टिक वाकलंय का? जळका कपलर तसाच ठेवून नवा स्विच त्यात खोचला, तर नव्याची पहिली रात्रही जुन्याच आजारात जाते. त्या शेतकऱ्याच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दोन नवे स्विच एकाच भाजलेल्या कपलरला लावले होते.

नवा स्विच बसवताना एक बारीक गोष्ट. वळण संपलं की इंडिकेटर आपोआप बंद होतो, तो एका कॅममुळे. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूचा उंचवटा त्या कॅमच्या खाचेत बसला पाहिजे. जबरदस्तीने दाबलंत तर कॅम तुटतो, आणि मग गाडी पुढचे पन्नास किलोमीटर उजवा इंडिकेटर दाखवत जाते. सगळं कव्हर लावायच्या आधी बॅटरी जोडून अप्पर, डिप्पर, दोन्ही इंडिकेटर, वायपर, हॉर्न तपासून घ्या. मात्र एअरबॅगवाल्या गाडीत एअरबॅग सुटी असताना चावी फिरवू नका, दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. शेवटचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळायचा. स्टीअरिंगचा नट आहे तो, अंदाजाने आवळायची वस्तू नाही.

एअरबॅगवाल्या गाड्यांत याच जागी आणखी एक भाग असतो, क्लॉक स्प्रिंग. नाव स्प्रिंग असलं तरी ती असते चपट्या तारांची गुंडाळलेली पट्टी. स्टीअरिंग फिरतं, कॉलम स्थिर असतो, मग फिरणाऱ्या भागातल्या एअरबॅगला आणि हॉर्नला वीज कशी पोचणार? तर ही पट्टी फिरकीसारखी सुटते आणि गुंडाळली जाते. तिला दोन्ही बाजूंना ठरावीकच फेरे मिळतात. बसवताना ती मधोमध नसेल, तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना ताणून तुटते. काढल्यावर ती फिरू नये म्हणून टेपने बांधून ठेवा. हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा यांची तक्रार एकाच वेळी आली, की पहिला संशय तिच्यावर घ्या.

आता खरेदी. आपलं शहर सुट्या भागांचं शहर आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच्या आजूबाजूला एन्ड्युरन्स, व्हॅरॉक वाढले. शेंद्र्याला स्कोडा आली. भाग बनवणाऱ्याला विचारा, तो सांगेल की पार्ट नंबर म्हणजे त्या वस्तूचं आधार कार्ड. दुकानात आपण विचारतो “अमक्या गाडीचा स्विच द्या”, आणि दिसायला सारखा देतात. पण दिसायला सारख्या दोन स्विचमध्ये पिनांची मांडणी वेगळी असू शकते. म्हणून जुना सोबत न्या, नंबर जुळवा, कपलरच्या पिना मोजा.

पार्ट नंबरचं महत्त्व किती, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. तेही याच कॉलमवरच्या भागाचं, इग्निशन स्विचचं, म्हणजे आपण चावी फिरवतो त्याच्या मागच्या स्विचचं. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्विचमध्ये चावीला जागेवर अडवून धरणारा जोर कमी होता. किल्ल्यांचा जुडगा जड असला किंवा गुडघा लागला, तर चावी चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नव्हती. भरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. आणि गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, त्या स्विचमध्ये मधेच सुधारणा झाली होती, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता. त्यामुळे शोध घेणाऱ्यांना बराच काळ कळेना, की काही वर्षांच्याच गाड्या का बिघडतात. तेव्हा तुमच्या चावीला लावलेला गोठ्याच्या कुलपांचा जुडगा, तो पितळी देव, ती घंटा, हे काढून घरी ठेवा. देव डॅशबोर्डवर बसवा.

राहिला तो मूळ आजार. त्या शेतकऱ्याच्या गाडीत आम्ही नवा स्विच लावला, नवा कपलर लावला, ६०/५५ चे बल्ब परत आणले आणि दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिप्परला. रिले म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेणारा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल. ३० ला बॅटरीतून फ्यूज घालून आणलेली जाड वायर, आणि ८७ वरून बल्बला. दांडीच्या स्विचमधून आता फक्त कॉइलचा करंट जातो, तो अर्ध्या अँपिअरच्याही आत. दहा अँपिअरचं ओझं रिलेच्या अंगावर, आणि रिले त्यासाठीच बनलेला असतो. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, वायर अडीच चौरस मिलिमीटरची. तुमच्या गाडीत कंपनीचा रिले आधीच आहे का ते ओळखायचं असेल, तर इंजिन बंद ठेवून चावी चालू करा, अप्पर-डिप्पर मारा आणि कान द्या. ‘टिक्’ असा आवाज बॉनेटखालून किंवा फ्यूज बॉक्समधून आला तर बहुतेक रिले आहे. खात्री वायरिंगच्या नकाशावरूनच करायची.

त्यांनी गाडी नेली आणि दुसऱ्या दिवशी फोन. “सर, बल्ब तुम्ही बारीक टाकले म्हणता, मग उजेड जास्त कसा पडतोय?” वाटेत गळणारी वीज आता बल्बला मिळत होती, दुसरं काही नाही.

एक प्रश्न आलाय इथून, बोला दादा. “रिले लावला तर मग १०० वॅटचे बल्ब चालतील ना?” स्विच वाचेल, पण नाही चालणार. बल्बच्या होल्डरला आणि रिफ्लेक्टरला ती उष्णता झेपत नाही, ते नियमातही बसत नाही, आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. शिवाय पिकअपचं एक खास दुखणं आहे. मागे माल भरला की मागचा भाग खाली बसतो आणि नाक वर होतं. तुमचा डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि तुमच्या पुढचा जवळचा रस्ता मात्र काळा राहतो. तुम्हाला वाटतं उजेड कमी आहे. उजेड असतो, तो झाडांच्या शेंड्यांवर पडलेला असतो. डॅशबोर्डवर लेव्हलची चकती असेल तर माल भरल्यावर ती फिरवा. नसेल तर भरलेल्या गाडीनिशी भिंतीसमोर उभं राहून मेकॅनिककडून सेट करून घ्या.

“एलईडी?” एलईडीला करंट कमी लागतो, त्यामुळे स्विचला त्रास नाही हे खरं. पण एच-फोरच्या रिफ्लेक्टरमध्ये तार ज्या जागी असते तिथून प्रकाश निघेल या हिशोबाने तो आरसा घडवलेला असतो. बाहेरून टाकलेल्या एलईडीत प्रकाश त्याच जागी येईल याची हमी नसते, मग तो विखुरतो. पावसात तर समोर नुसती पांढरी भिंत. मी लावून दिलेले नाहीत.

वेळ झाली. हा जळका स्विच आणि एक कापून उघडलेला स्विच इथे टेबलावर ठेवतोय, ज्यांना बघायचंय त्यांनी या. उघडलेल्याला हात लावा, पण ती बारीक स्प्रिंग उचलू नका. तिच्याखाली मोहरीएवढी लोखंडी गोळी आहे, ती उडते. मागच्या वेळी उडालेली अजून मिळाली नाही.